फुटबॉल मॅचमध्ये कॉमेंट्री पोकळ, गोंगाट मात्र खणखणीत

डावा_विंगर
प्रीमियर लीग, एचडी चॅनल. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीला एचडीएमआय, टीव्हीतून ऑप्टिकल केबलने स्टिरिओ अँप्लिफायर, त्याला दोन बुकशेल्फ स्पीकर. प्रेक्षकांचा आवाज भरपूर येतो, पण कॉमेंटेटर विहिरीतून बोलल्यासारखा. व्हॉल्यूम वाढवला की गोंगाटच वाढतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर कॉमेंट्री ठीक आहे. बॉक्सचं आउटपुट डॉल्बीवर आहे. बातम्यांमध्येही निवेदकाचा आवाज जरा बारीकच वाटतो. चॅनलवाले मिक्स बिघडवतात की जोडणीत काही चुकलंय? सेंटर स्पीकर घेऊ का?

सहा_वाहिन्या
स्पीकर घ्यायची घाई नको. डॉल्बीवर बहुधा ५.१ आवाज येतो, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाहिन्या: पुढे दोन, मध्ये सेंटर, मागे दोन आणि एक खर्जाची. ५.१ मध्ये कॉमेंट्री बहुतेक वेळा एकट्या सेंटरमध्ये असते, प्रेक्षक पुढच्या दोन आणि मागच्या दोन वाहिन्यांमध्ये पसरलेले. दोनच स्पीकर असले की या सगळ्याचं डाउनमिक्स होतं: सेंटर ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्या दोन्हीत, मागचे प्रेक्षकही साधारण तेवढेच कमी करून त्याच दोन स्पीकरांत. पाठीमागे असायला हवा तो गलका कॉमेंटेटरच्या डोक्यावर येऊन बसतो. सेंटर आणि मागच्या वाहिन्या किती कमी करायच्या, याची सूचना सिग्नलमध्येच असते (सेंटरला ३, ४.५ किंवा ६ डेसिबल; मागच्यांना ३, ६ किंवा पूर्ण बंद). काही टीव्ही ती न बघता स्वतःचंच गणित लावतात.

म्हणून आधी बॉक्सच्या मेनूत ऑडिओ आउटपुट डॉल्बीऐवजी पीसीएम (साधा, न आकसलेला डिजिटल आवाज) किंवा स्टिरिओ करा. टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुटही पीसीएमच ठेवा. तिथे डॉल्बी राहिलं तर साधा स्टिरिओ अँप मुका तरी राहतो, नाहीतर खरखरतो. मग टीव्हीतला ‘स्पोर्ट्स’ किंवा ‘स्टेडियम’ मोड बंद. आवाज रुंद भासावा म्हणून हा मोड दोन्ही बाजूंमधला फरक फुगवतो, आणि त्यात मधला माणूस दबतो. फुटबॉलसाठी याहून निरुपयोगी बटण रिमोटवर नसेल.

कथील_आणि_तार
वरचं करून बघाच, पण ‘विहिरीतून’ आणि ‘बातम्यांमध्येही’ या दोन गोष्टींवरून मला वायर उलटी वाटते. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले असणार. कॉमेंट्री दोन्ही स्पीकरांत अगदी एकसारखी असते. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे गेला तर ती एकमेकांना खाते. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर, म्हणजे स्पीकरांमधल्या अंतरापेक्षा लांब, म्हणून खर्ज आधी जातो आणि वरचा पातळ आवाज तेवढा उरतो. प्रेक्षकांचा आवाज डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळ्या माइकांतून आलेला, एकमेकांशी न जुळणारा. त्याला उलट्या वायरने फारसा फरक पडत नाही.

तपासायचं असं: दोन्ही स्पीकर समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवा. बातम्या लावा आणि ऐका. अँप बंद करून एकाच स्पीकरच्या मागे दोन्ही तारा अदलाबदल करा, पुन्हा सुरू करा. ज्या जोडणीत आवाज जाड आणि भरीव येतो ती बरोबर. दोन्ही स्पीकरांच्या तारा बदलल्या तर पहिले पाढे पंचावन्न.

डावा_विंगर
उजव्याची वायर उलटीच होती! कॉमेंटेटर मधोमध येऊन बसला. पीसीएम केल्यावर आणखी थोडा पुढे आला. आता दोन प्रश्न. इक्वलायझरने गोंगाट आणखी कमी करता येईल का? आणि उलट, कंटाळवाणी कॉमेंट्री असेल तेव्हा तीच घालवून फक्त मैदान ऐकता येईल का?

ओबी_मिक्सर
गोंगाट इक्वलायझरने जात नाही, कारण त्याच पट्ट्यात माणसाचा आवाज आहे. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये वुवुझेला २३३ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत, म्हणजे ४६६, ९३२ वगैरे ठिकाणी वाजत होता, म्हणून तिथे अरुंद फिल्टर लावून तो दाबता यायचा. तरीही फिल्टर जास्त झाला की कॉमेंटेटरला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. नुसत्या माणसांच्या ओरडण्याला असा ठरावीक सूर नसतो. फार तर १०० ते ३०० हर्ट्झ २-३ डेसिबल खाली घ्या आणि २ ते ४ किलोहर्ट्झ तेवढेच वर. त्यापुढे कान दुखतात.

चॅनलवाल्यांची बाजूही सांगतो. मैदानाभोवती डझनभर शॉटगन माइक (लांबट, समोरचंच जास्त ऐकणारे) असतात. बारा एकदम उघडे ठेवले तर एका माइकपेक्षा प्रेक्षकांचा आवाज जवळपास ११ डेसिबलने चढतो आणि किकचा ‘ठप्प’ त्यात बुडतो. त्यामुळे मिक्स करणारा बॉलच्या मागे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) पळवतो, जवळचे एक-दोन माइक वर, बाकीचे खाली. त्यासाठी आता बॉल-ट्रॅकिंगवर चालणारी यंत्रणाही आहे. लांबचा माइक चुकून वर राहिला तर ३४ मीटरवरून किक १०० मिलिसेकंद उशिरा येते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने अडीच फ्रेम. गोव्यात २०२०-२१ चा अख्खा आयएसएल (इंडियन सुपर लीग) फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर प्रेक्षकांविना झाला. किक आणि खेळाडूंच्या हाका किती स्पष्ट येऊ शकतात, ते त्या मॅचेसमध्ये ऐका.

कॉमेंटेटर मैदानात असेल तर हेडसेट किंवा वरच्या ओठाला टेकवून धरायचा रिबन माइक वापरतो. ओठापासून माइक बोटभर सरकला तरी मागचं स्टेडियम आत शिरतं. स्टुडिओत मॉनिटर बघून बोलणाऱ्याचा आवाज याउलट कोरडा, वरून चिकटवल्यासारखा येतो. आणि ‘गोल’ची आरोळी बॉल जाळ्यात जायच्या आधीच ऐकू आली तर बहुधा चित्र उपग्रहावरून (एका फेरीला पाव सेकंद) आणि कॉमेंट्री वेगळ्या, जलद लाइनवरून येतेय. तिला तेवढा डिले द्यायला कंट्रोल रूम विसरलेली असते. घरी फक्त ऑडिओ डिलेची सेटिंग वापरता येते, पण त्याने किकचा आवाजही तेवढाच मागे जातो.

कथील_आणि_तार
कॉमेंट्री घालवण्याबद्दल: ५.१ रिसीव्हर असेल तर सेंटरची पातळी तळाला न्या, झालं. काही मिक्समध्ये किकही सेंटरमध्ये ठेवतात, मग तीही जाईल. तुमच्या स्टिरिओत डाव्यातून उजवा वजा करावा लागेल. एकसारखं ते जातं, वेगळं ते राहतं. संगणकावर मॅच बघत असाल तर एक वाहिनी उलटी करून दोन्ही मोनोत मिसळा. प्रेक्षक उरतील, पण सगळे एकाच भोकातून आल्यासारखे, आणि कॉमेंटेटरची थोडी सावली राहील, कारण ब्रॉडकास्टच्या कॉम्प्रेशनमध्ये डावा-उजवा तंतोतंत सारखा उरत नाही.

जुन्या पुस्तकांत अँपच्या दोन लाल टर्मिनलांमध्ये एकच स्पीकर जोडायची युक्ती सापडेल. हल्लीच्या छोट्या क्लास-डी (स्विचिंगवर चालणाऱ्या) अँपवर ती करू नका. त्यातल्या बऱ्याच जणांचं काळं टर्मिनल ग्राउंडला जोडलेलं नसतं, तिथेही सिग्नल असतो, आणि अशा जोडणीत अँपने काय करावं हे त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर हात लावूच नये.