मदत हवी आहे : ऑर्क 'जन्मतःच क्रूर' का?

नमस्कार मंडळी. फोंड्यात दर रविवारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळतो, गोष्ट मी चालवते. परवा, खेळातल्या ऑर्क या राक्षसासारख्या जमातीबद्दल 'ऑर्क जन्मतःच क्रूर' असं मी म्हटलं आणि आमच्यातल्या गावडा मित्राने वीस बाजूंचा फासा हळूच खाली ठेवला. "माझ्या आज्यालाही लोक असंच म्हणायचे." गावडा समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 साली मिळाला, त्यासाठीच्या मोर्चांत त्याचे वडील होते. मला हे ठाऊक होतं, तरी बोलून गेले.

खेळाच्या 2024 च्या नियमपुस्तकात अशा जमातींसाठीचा 'रेस' (वंश) हा शब्द जाऊन 'स्पीशीज' (प्रजाती) आलं, पण नुसत्या शब्दाने काय होणार? मित्राच्या समाजाच्या जमिनीच्या लढ्यावर नवी गोष्ट रचावी म्हणते. पण त्याच्या घरचं दुःख खेळायला घेणं बरं का? कुणी असं केलंय? आधी त्याच्याशी कसं बोलू?