ड्रेड स्कॉट निकाल: दावाच चालणार नव्हता, तर पुढचा निवाडा कशासाठी?

कायद्याचा विद्यार्थी, मडगाव
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८५७ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ड्रेड स्कॉट या गुलामाचा मुक्ततेचा दावा फेटाळला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मुक्त असले तरी, संघराज्याचे नागरिक नाहीत आणि म्हणून त्यांना संघीय न्यायालयात दाद मागता येत नाही, असे मुख्य न्यायमूर्ती टॉनी म्हणतात. मग त्याच निकालात १८२० ची मिसूरी तडजोड (उत्तरेकडील प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालणारा कायदा) घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार त्यांना उरला कुठे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

निवृत्त वकील, म्हापसा
आपण नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. न्यायमूर्ती कर्टिस यांनी भिन्नमतात हाच आक्षेप घेतला होता. टॉनी यांना गुलामगिरीचा वाद कायमचा मिटवायचा होता. त्यासाठी त्यांनी गुलामाला मालमत्ता मानले आणि तिला राज्याचा दर्जा न मिळालेल्या कुठल्याही संघीय प्रदेशात मज्जाव करणे संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीच्या, म्हणजे योग्य कायदेशीर प्रक्रियेविना मालमत्ता हिरावू न देणाऱ्या तरतुदीच्या, विरुद्ध ठरवले. कर्टिस यांचे दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते: संविधान मान्य झाले तेव्हा न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलिना यांसह पाच राज्यांत, इतर अटी पुऱ्या करणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयांना मताधिकार होता. ज्यांच्या मतालाही त्या संविधानाच्या घडणीत वाव होता, त्यांच्याच वंशजांना परके ठरवणे हा इतिहासाचा धडधडीत विपर्यास होता.

इतिहास शिक्षिका, फोंडा
वकीलसाहेबांच्या उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. १८४६ साली सेंट लुईसमध्ये स्कॉट यांच्या पत्नी हॅरिएट यांनीही स्वतंत्र दावा लावला होता. मुलांचा दर्जा आईवरून ठरत असल्यामुळे एलायझा आणि लिझी या मुलींचे भवितव्य खरे तर त्या दाव्यात होते. लष्करी अधिकाऱ्याने गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशातील फोर्ट स्नेलिंग या लष्करी ठाण्यावर नेलेल्या रेचल नावाच्या स्त्रीला मिसूरीच्याच न्यायालयाने १८३६ मध्ये मुक्त केले होते. स्कॉट दांपत्यही तिथे राहिले होते. १८५० मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलाच पायंडा मोडला. आपल्या गोव्यासह सर्व पोर्तुगीज मुलखांत गुलामगिरी रद्द झाली ती १८६९ च्या फर्मानाने, आणि तेव्हाही मुक्त झालेल्यांवर काही काळ जुन्या मालकाची चाकरी बंधनकारक राहिली.

कायद्याचा विद्यार्थी, मडगाव
बाई, वकीलसाहेब, मनापासून आभार. हा निकाल न्यायालयाने पुढे स्वतःच फिरवला का?

निवृत्त वकील, म्हापसा
नाही, तो संविधान दुरुस्तीने पुसावा लागला. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्याच वाक्याने जन्माधारित नागरिकत्व दिले. ते वाक्य कर्टिस यांच्या भिन्नमताशेजारी ठेवून वाचा.