सोलापुरात फुटबॉल ग्राउंड करायचंय, खरं गवत का टर्फ?

पार्कचौक_नऊनंबर

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमच्या मंडळाची हद्दवाढ भागात जागा आहे, इतकी वर्षं तिथं बाभळी आणि टेनिस बॉल क्रिकेट एवढंच होतं. आता एक देणगीदार भेटलेत आणि अकरा-अकराचं फुल साईज फुटबॉल ग्राउंड करायचं ठरलंय, एका बाजूला पायऱ्यांची गॅलरी, दोन चेंजिंग रूम, पुढं जमलं तर लाईट. बाकी सगळं ठरलं पण खाली काय टाकायचं यावरून मीटिंगमध्ये दोन गट पडलेत. एक गट म्हणतो टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत टाका, आपल्या नळाला पाणी किती दिवसाआड येतं हे सांगायला नको, गवत कोण जगवणार. कंपनीचा माणूस पण लॅपटॉपवर दाखवून गेला, पाणी शून्य, मेंटेनन्स शून्य, दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्या गटात मी. मोठ्या मॅच खऱ्या गवतावर होतात मग आपण प्लॅस्टिक का अंथरायचं असं माझं म्हणणं, पण खरं सांगायचं तर "बरं वाटतं" याच्यापुढं माझ्याकडं मुद्दा नाही. जमीन काळी, बोअर एकच आणि मे महिन्यात त्याचा पण दम निघतो. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या शाळांची पोरं येणार, रविवारी मॅच. दोन्ही वापरलेलं कोणी असेल तर सांगा.

कडक_भाकरी

मी पोरांना शिकवतो, दोन्हीवर खेळवलंय. सोलापुरात टर्फचा पहिला प्रश्न ऊन हा आहे, पाण्याचं नंतर बोलू. एप्रिल-मेत हवेत ४२-४३ असतं तेव्हा टर्फचं तापमान ६० च्या वर सहज जातं. दुपारी चारला त्यावर तळहात टेकवून बघा, ठेववत नाही. खरं गवत मुळातनं पाणी ओढून पानातनं सोडत राहतं म्हणून गार राहतं, प्लॅस्टिकला ती सोय नाही, आणि वर जे काळे रबराचे दाणे टाकलेले असतात ते जुन्या टायरचे, ते तर ऊन पिऊनच बसलेले असतात. पाणी मारलं की गार होतं पण थोड्याच वेळात परत तवा. आता "पाणी शून्य" म्हणणाऱ्याला विचारा की मेच्या सुट्टीत शिबिर घ्यायचं तर पोरं उतरवायच्या आधी टँकर कोण मारणार.

दुसरं म्हणजे शूज. गवतावरचे लांब स्टडचे (तळाला खिळ्यांसारखे उंचवटे असलेले) शूज टर्फमध्ये रुततात, अंग वळतं, पाय तिथंच राहतो आणि सगळा जोर गुडघ्यावर येतो. टर्फला बारक्या आणि जास्त स्टडचा वेगळा जोड लागतो. आपल्या पोरांकडं एक जोड असतो तोच मुश्किलीनं, तो पण मोठ्या भावाचा. आणि घसरून टॅकल केलं की मांडीची साल निघते ती वेगळीच, गोलकीपरांची कोपरं बघा एकदा. २०१५ चा बायकांचा वर्ल्डकप कॅनडात टर्फवर ठेवला होता तेव्हा मोठमोठ्या खेळाडू कायदेशीर तक्रार घेऊन उभ्या राहिल्या होत्या, शेवटी तक्रार मागं घेतली आणि वर्ल्डकप टर्फवरच झाला ती गोष्ट निराळी.

मुरूम_रोलर

मालक, टर्फवाले सगळेच काय फसवत नाहीत ओ. मी बेसची कामं घेतो, दोन्हीकडचा पैसा खाल्लाय म्हणून मोकळं बोलतो.

टर्फच्या बाजूनं एकच मुद्दा आहे पण तो लई मोठा आहे, तास. खरं गवत आठवड्याला २०-२५ तासांच्या पुढं नेलं की मधोमध आणि गोलपुढं टक्कल पडतं. चांगल्या टर्फवर ४०-५० तास आरामात खेळा. तुम्ही म्हणताय सकाळी पोरं, संध्याकाळी पोरं, रविवारी मॅच, आधी ते तास मोजा मग भांडा. मुंबईचं कूपरेज, बेंगळुरूचं फुटबॉल स्टेडियम, तिथं टर्फ काय हौसेनं टाकलेलं नाही, एका मैदानावर मॅचवर मॅच असतात आणि पावसात पण खेळायचं असतं.

पण मेंटेनन्स शून्य म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दाणे सरकतात, पेनल्टी स्पॉट आणि कॉर्नरला तर खड्डेच होतात, तिथं भर घालावी लागते. दर आठवड्याला ब्रश फिरवायला लागतो नाहीतर पाती आडवी होतात आणि बॉल काचेवरनं पळाल्यासारखा पळतो. आपल्याकडची धूळ आत बसली की पाण्याचा निचरा पण जातो. कोटेशन घेताना फिफाचा दर्जा विचारा. फिफा क्वालिटी आणि फिफा क्वालिटी प्रो असे दोन आहेत, शाळा-क्लबच्या रोजच्या वापराला पहिला, त्याचं सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, प्रोचं १ च वर्ष. आणि नुसता लॅबचा कागद घेऊ नका, टर्फ टाकल्यावर जागेवर टेस्ट होते, बॉल किती उसळतो, किती लांब जातो, पडल्यावर जमीन किती दबते. शेवटचं पेमेंट त्या टेस्टवर अडकवून ठेवा.

आणि काळ्या मातीवर थेट काहीही टाकू नका, गवत असो नाहीतर टर्फ. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती उकरून बाहेर काढा, मुरूम थरथरानं दाबून घ्या. मी बघितलेलं एक टर्फ याच कारणानं दोन वर्षांत लाटा मारायला लागलं, बघायला अगदी झकास दिसायचं.

रंकाळ्यावरचा

आमच्याकडं शाहू स्टेडियमला लोक ग्राउंड बघायला येत नाहीत, पेठेची टीम बघायला येतात 😄 आधी टीम तयार करा की राव, गवत आपोआप उगवंल.

पार्कचौक_नऊनंबर

कोल्हापूरकर आलेच, वाट बघत होतो. 😂 तासांचा हिशोब केला, शाळा धरून आठवड्याला पस्तीसच्या आसपास जातो. म्हणजे टर्फच म्हणायचं का? आणि गवताला पाणी नक्की किती, कोणी आकडा देईल का? मीटिंगमध्ये एक जण म्हणतो रोज दोन टँकर, दुसरा म्हणतो वीस.

हरळीवाला

आकडा काढायला सोपा आहे. मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७१४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात आपल्या उन्हात, खाली सांगतोय त्या जातीच्या गवताला रोज साधारण ५ मिलिमीटर धरा, झाले ३५-३६ हजार लिटर. दहा हजारवाले साडेतीन टँकर, रोज. थंडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाऊस चालू असताना जवळपास नाहीच. त्यामुळं दोनवाला पण चुकला आणि वीसवाला पण. बोअर तेवढं देणार नाही हे उघड आहे, पण हे पाणी पिण्याचं असायची गरजच नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी गवताला चालतं, त्याची व्यवस्था लावता येते का ते आधी बघा, गवताचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. रोज शिंपडत बसू नका, दोन-तीन दिवसाआड पहाटे भरपूर द्या म्हणजे मुळं खाली जातात. वरवरच्या पाण्यानं मुळं वर राहतात आणि एका टॅकलमध्ये चकती उपटून येते.

आता गवत कुठलं, तर बर्म्युडा. म्हणजे आपली हरळीच. शेतकरी आयुष्यभर जी खणून काढतो आणि तरी बांधावरनं परत येते तीच, स्टेडियमला तिच्या संकरित जाती लावतात. तुडवली तरी आडवी पसरत भरून येते, ऊन तिला आवडतं, आणि थंड मुलखात ती हिवाळ्यात पिवळी पडते तसं आपल्याकडं फारसं होत नाही. बी नसतं त्या जातींना, कांड्या लावाव्या लागतात, जून-जुलैत लावल्या तर सप्टेंबरचा मोठा पाऊस बसलेल्या गवतावर येतो. तुमच्या बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पास्पालम म्हणून दुसरी जात आहे, खारं पाणी सोसते, २०२२ च्या कतारच्या वर्ल्डकपला तीच होती. पण आधी पाणी आणि माती तपासून घ्या. खाली फूटभर वाळूचा थर आणि त्याखाली खडी, भोकाचे पाईप, याच्यावर पैसे वाचवले तर सप्टेंबरला तिथं म्हशी बसवा.

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला टर्फ होतं, १७ वर्षांखालच्या २०१७ च्या वर्ल्डकपच्या आधी ते काढून खरं गवत लावलं, फायनल त्याच्यावर झाली.

पुण्यात_अडकलेला

एक भर. नेदरलँडच्या वरच्या लीगनं २०२५-२६ पासून टर्फ बंद केलंय. आणि युरोपात ते रबराचे दाणे मायक्रोप्लॅस्टिक म्हणून २०३१ पासून विकायलाच बंदी आहे. दाणे मोज्यातनं घरापर्यंत येतात हो, वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडतात, तर पावसात नाल्यात किती जात असतील. नारळाच्या काथ्याचे नाहीतर बुचाचे मिळतात पण काथ्याचे ओले ठेवायला लागतात, म्हणजे परत पाणी आलंच.

मुरूम_रोलर

बरोबर, पण पस्तीस तासांचं काय? गवत म्हणालात तर पोरांना गेटवर अडवायची तयारी ठेवा. माझ्या मतानं मोठं ग्राउंड गवताचं, आणि कडेला पाच-पाचचं टर्फ, लाईटसकट. शाळांची रोजची प्रॅक्टिस तिकडं, मोठ्यावर मॅच आणि आठवड्यातनं दोन-तीन सेशन. टर्फ रात्री भाड्यानं द्या, शहरात सगळ्या टर्फवर रात्री गर्दी असतेच, त्यातनं माळ्याचा पगार आणि पाण्याचा खर्च बराचसा सुटेल. छोट्याला ऊन उतरल्यावरच वापर म्हणजे कडक भाकरींचा तवा पण टळला. आणि गवतावरचे गोलपोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी थोडे सरकवा, एकाच जागी टक्कल नको.

पार्कचौक_नऊनंबर

हे पटतंय. एकच भीती, आमच्या कमिटीला मैदान दिसलं की लग्न आणि सभा आठवतात. वर्षातनं दोन-चारदा मंडप पडणार म्हणजे पडणार.

हरळीवाला

गवताला मंडप दोन दिवसांच्या वर ठेवू नका, खाली पिवळं पडतं पण हरळी आहे, महिन्याभरात येते परत, खुंट्यांची भोकं वाळूनं बुजवायची.

मुरूम_रोलर

टर्फवर मात्र एक पण नाही. पहारीनं खुंटा ठोकला की खालचं कापड फाटतं, आचाऱ्याची भट्टी ठेवली की वितळतं, दिवाळीचा एक रॉकेट पडला तरी काळं भोक, आणि कंपनी म्हणते हे वॉरंटीत बसत नाही. देणगीदाराच्या करारातच लिहून घ्या की टर्फवर खेळ सोडून काही नाही, कमिटी बदलली तरी कागद राहतो.