प्रति: जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) शहरासाठी कोणता टायर?
वर ‘२६ चा कुठलाही गुळगुळीत टायर चालेल’ असं लिहिलंय. तसं नाही, आणि पैसे इथेच वाया जातात. एमटीबीच्या रिमला २६ × १.५० इंची लागतो, बाजूवर ४०-५५९ छापलेला (रुंदी ४० मिमी, रिमवर बसणारा व्यास ५५९ मिमी). साध्या सायकलचा २६ × १ ३/८ म्हणजे व्यास ५९० मिमी. तो रिमवर सैल बसतो, हवा भरताच निसटतो. ट्यूबही १.५० ची घ्या. जुनी रुंद ट्यूब आत दुमडते आणि घडीवर फाटते. हवा ५० ते ६० पीएसआय (पंपावर दिसणारा दाब), टायरवरची कमाल मर्यादा पाळून; सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी, टायर गार असताना मोजा. बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच, तेव्हा पंक्चररोधक पट्टीचाच टायर बघा, थोडा जड असला तरी. आणि रिमटेप, म्हणजे रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, तपासाच. स्पोकचं टोक उघडं राहिलं तर नवी ट्यूब आतूनच पंक्चर होते.