मदत हवी आहे: दुकानाच्या बिलासाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मृग तोंडावर आला आहे

दिग्रसकडचा | २२ मे, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. अक्षय तृतीयेला गावात नवीन दुकान टाकलं. शहरातून एक माणूस आला होता, त्याच्याकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि छोटा प्रिंटर घेतला. पैसे घेऊन गेला, आता फोन उचलत नाही. मराठीत नाव टाकलं की बिलावर नुसती प्रश्नचिन्हं छापून येतात. लॉट नंबर टाकायला जागाच नाही. आता गर्दी सुरू होईल, माझ्याकडे जास्तीत जास्त दहा-बारा दिवस आहेत. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, एवढंच सांगा. लवकर सांगा.

हिशोबवाला | २२ मे, रात्री १०.०५
दुकान कसलं आहे ते लिहा ना आधी. किराणा, कापड, हार्डवेअर? मोबाइलवर करणार की कॉम्प्युटरवर? जीएसटी नंबर आहे का? वर्षाची उलाढाल किती धरली आहे?

पुण्यातला_वऱ्हाडी | २२ मे, रात्री १०.२०
भाऊ, आजच्या जगात बिलिंग सॉफ्टवेअरपुरता विचार करू नका. एक साधी वेबसाइट बनवा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग टाका, लोक घरून ऑर्डर देतील. सगळा डेटा क्लाउडवर ठेवा. मी हेच काम करतो, पहिल्या वर्षाचं होस्टिंग माझ्याकडून.

दिग्रसकडचा | २२ मे, रात्री १०.३२
कृषी सेवा केंद्र आहे. मला वाटलं लॉट नंबर, म्हणजे पाकिटावरचा बॅचचा आकडा, म्हटल्यावर समजेल. बी-बियाणं, खत, औषधं, तिन्ही लायसन्स आहेत. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे. लॅपटॉप आहे, कॉलेजमधला जुना. वेबसाइट नको आहे दादा, माझं गिऱ्हाईक सकाळी सात वाजता पारावरून सरळ दुकानात येतं.

जुनं_दुकान | २३ मे, सकाळी ६.१५
बेटा, मी मेहकर तालुक्यात चाळीस वर्षं हाच धंदा करतो. कॉम्प्युटर-बिम्प्युटरच्या नादी पहिल्या हंगामात लागू नको. छापील बिलबुक घे, तीन प्रतींचं, कार्बन लावून. आणि लाल कापडाची खतावणी. तुझा सगळा धंदा उधारीवर चालणार. सोयाबीन निघाल्यावर थोडे येतील, कापूस निघाल्यावर बाकीचे येतील, काही तुरीवर जातील. त्या उधारीला सही लागते. उधार मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची असते, आणि माणसानं त्या मुदतीच्या आत खात्यावर सही करून बाकी कबूल केली तर मुदत तिथून पुन्हा सुरू होते. फोनमधल्या नोंदीवर कोण सही करतो?

नेरची_ताई | २३ मे, सकाळी ८.५०
काकांचं सहीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण काका, संध्याकाळी गोदामात किती पोती उरली आणि कोणत्या औषधाची मुदत ऑगस्टमध्ये संपते, हे खतावणी सांगत नाही. आमचंही केंद्र आहे, मी आणि मिस्टर दोघं बसतो. पहिली दोन वर्षं वहीवर काढली. मागच्या कप्प्यातल्या कीटकनाशकाच्या अकरा बाटल्या मुदत संपून घरात राहिल्या. कंपनीनं परत घेतल्या नाहीत.

दादा, तुम्ही घेतलेल्या सॉफ्टवेअरचं नाव इथं टाकू नका, पण एवढं सांगा: लाईट गेल्यावर आणि नेट नसताना ते चालतं का? आणि खताच्या मशीनचं काय करता?

दिग्रसकडचा | २३ मे, दुपारी १.१०
नेट नसलं की उघडतच नाही. आमच्याकडं टॉवर एकच, लाईट गेली की अर्ध्या तासात तोही बसतो. खताचं मशीन वेगळं आहे, आधार आणि अंगठा घेऊन त्यावरच विक्री करतो. त्याचं बिल निघतंच, मग सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा कशाला टाकू? ते जोडता येतं का?

नेरची_ताई | २३ मे, दुपारी १.४५
जोडता येत नाही. अनुदानाचं खत मशीनवरच विकायचं, त्यातून सुटका नाही. पण सॉफ्टवेअरमध्येही टाकावंच लागेल, नाही तर उधारीत खत दिसणार नाही आणि माणसाची बाकी अर्धीच निघेल. आम्ही दिवसभर मशीनची चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवतो आणि दुकान बंद करताना एकेक नोंद करतो. मशीनवरचा साठा, गोदामातला साठा आणि बाहेरच्या फलकावर लिहिलेला साठा, तिन्ही आकडे एक असले पाहिजेत. तपासणीला आले की आधी तेच बघतात.

हिशोबवाला | २३ मे, दुपारी ३.००
जीएसटीचं अजून सांगितलं नाहीत. रेग्युलर आहात की कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का भरायची छोट्या धंद्यांची योजना? सॉफ्टवेअर त्यावर ठरतं. माझं मत विचाराल तर टॅली घ्या. बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही त्यात आहे, नेट लागत नाही, अकोल्यापासून गोंदियापर्यंत कुठलाही हिशेबनीस ते उघडून बघू शकतो.

नेरची_ताई | २३ मे, दुपारी ३.२०
टॅली चांगलं आहे, पण वीस हजारांच्या वर जातं, आणि काउंटरवर दहा माणसं उभी असताना नवख्याचा हात त्यावर चालत नाही. पहिल्या वर्षी ‘व्यापार’ नावाच्या बिलिंग ॲपसारखं काहीतरी पुरेसं आहे. कॉम्प्युटरवर नेटशिवाय बिल होतं. सेटिंगमध्ये जाऊन बॅच नंबर आणि मुदतीची तारीख चालू करावी लागते, सुरुवातीला बंद असते, म्हणून लोकांना वाटतं की नाहीच.

हिशोबवाला | २३ मे, दुपारी ३.४१
ताई, वर्षाच्या शेवटी त्यातला डेटा माझ्यासारख्याकडे येतो तेव्हा काय त्रास होतो ते आम्हालाच माहीत. एकाच कंपनीचं नाव पाच प्रकारे लिहिलेलं असतं.

नेरची_ताई | २३ मे, दुपारी ३.५५
तो त्रास सॉफ्टवेअरचा नाही, नावं टाकणाऱ्याचा आहे. टॅलीतही पाच प्रकारे लिहिता येतं.

दिग्रसकडचा | २३ मे, रात्री ८.१५
कंपोझिशन आहे. ओळखीच्यानं सांगितलं की सोपं पडतं. उलाढाल साठ लाख धरली आहे, त्यातली अर्ध्याहून जास्त खतं. हे घ्या, आजचं एक बिल टाइप करतो: कीटकनाशक १ बाटली, ५०८.४७, त्याखाली जीएसटी १८ टक्के ९१.५३, एकूण ६००. नाव: ?????? ?????.

हिशोबवाला | २३ मे, रात्री ८.२२
थांबा. उद्यापासून हे बिल कुणालाही देऊ नका. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, बिलावर वेगळा दाखवता येत नाही. तुमचं बिल ‘बिल ऑफ सप्लाय’ असलं पाहिजे आणि वर कंपोझिशनची ओळ छापलेली असली पाहिजे. ज्यानं सॉफ्टवेअर बसवलं त्यानं विचारलंच नाही असं दिसतं. नवीन जे काही घ्याल त्यात पहिल्या दिवशी हीच सेटिंग करा.

आणि दुसरं, तुमच्यासाठी कंपोझिशन बरोबर आहे का तेच मला पटत नाही. करपात्र विक्रीवर सरसकट १ टक्का खिशातून जातो. डीएपी खताच्या १३५० च्या पोत्यावर साडेतेरा रुपये. खतात सुटतं किती? रेग्युलरमध्ये खरेदीवर भरलेला टॅक्स वजा होतो, म्हणजे भार फक्त तुमच्या नफ्याच्या भागावर येतो. बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५, कीटकनाशकाला १८. सूक्ष्म अन्नद्रव्यं २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आली. तुमच्याकडे खत जास्त, म्हणून तुमच्या सीएकडून दोन्ही पद्धतीनं आकडे काढून घ्या. बाहेर पडायचं असेल तर सीएमपी-०४ फॉर्म आहे, आणि हातातल्या मालावर आधीच भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घ्यायला आयटीसी-०१ तीस दिवसांत भरावा लागतो. ती मुदत चुकवू नका.

दिग्रसकडचा | २३ मे, रात्री ८.४०
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जवळपास साठ बिलं गेली अशी.

हिशोबवाला | २३ मे, रात्री ८.४८
घाबरू नका, पण लपवूही नका. त्या साठ बिलांची यादी काढा आणि सोमवारीच सीएसमोर ठेवा.

कपाशीचं_बोंड | २३ मे, रात्री १०.३०
भाऊ, मी दुकानदार नाही, कास्तकार हाओ. पन तुमच्या त्या छोट्या पिंटरबद्दल बोलतो. २०२० ले आमच्या इकडं सोयाबीन उगवलंच नाही, लय लोकायचं झालं होतं तसं. चार बॅगा पेरल्या होत्या, वावर उघडं पडलं. तालुक्याच्या समितीकडं तक्रार देली. साहेब पंचनाम्याले आले, म्हने बिल दाखवा. बिल मी जपून ठेवलं होतं, पासबुकाच्या पिलॅस्टिकच्या कव्हरात, सातबाऱ्यासंगं, टिनाखालच्या पेटीत. काढून पाह्यतो तं पांढरं फक. त्या गुळगुळीत कागदावरचं सारं उडून गेलं होतं. मांगच्या बाजूले छापलेली जाहिरात तेवढी दिसत होती. लॉट नंबर कुठून सांगू? बॅगेची चिठ्ठी एकच सापडली, ते बी मायनं चुलीजवळ ठेवली होती म्हनून. दुबार पेरनीचे पैसे म्या घरून घातले.

म्हनून सांगतो, साफ्टवेर कोन्तंबी घ्या, पन कास्तकाराच्या हातात असा कागद द्या का जो दिवाळीलोक वाचता येईन.

दिग्रसकडचा | २३ मे, रात्री १०.५१
भाऊ, माझा प्रिंटर तोच आहे. दोन इंची.

जुनं_दुकान | २४ मे, सकाळी ५.५०
हेच मी म्हणत होतो. कार्बनची प्रत माझ्याकडे १९९८ ची पडून आहे, अजून वाचता येते.

पुण्यातला_वऱ्हाडी | २४ मे, सकाळी ९.१५
थर्मल कागद उष्णतेनं आणि प्लॅस्टिकच्या कव्हरानं उडतो हे खरं आहे, मी त्याचा विचार केला नव्हता. प्रश्नचिन्हांचं सांगतो, हे माझ्या कामातलं आहे. प्रिंटरला देवनागरी अक्षरं माहीत नसतात. बिल मजकूर म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायची सेटिंग असते, ती लावली की मराठी येतं, थोडं सावकाश छापतं. पण आता वरचं वाचून म्हणेन की छोटा प्रिंटर बाजूलाच ठेवा. साधा काळापांढरा लेझर घ्या, अर्ध्या पानावर बिल काढा. त्यात लॅपटॉपचा कुठलाही मराठी फॉन्ट चालतो.

नेरची_ताई | २४ मे, सकाळी ९.४०
लेझरच घ्या, शाईचा नको. शाईचा प्रिंटर चार महिने बंद राहिला की त्याचं तोंड बुजतं, आणि आपला धंदा हंगामाचा आहे. फक्त लेझर छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही, कागद गरम करताना एकदम ओढ घेतो. आम्ही लाईट नसताना छापील बिलबुकावर हातानं लिहितो, लॉट नंबरसकट, आणि लाईट आल्यावर चढवतो. म्हणजे काकांची वही आमच्याकडे आहेच.

अजून एक, नावांचं. तुमच्याकडं तांडे आहेत ना? एका तांड्यात राठोड आडनावाचे चाळीस जण निघतील, त्यात एकाच नावाचे चार. आम्ही पहिल्या वर्षी एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर चढवली आणि भर बाजारात वाद झाला, माणूस दोन वर्षं दुकानात आला नाही. तेव्हापासून नाव, वडिलांचं नाव, गाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे, एवढं टाकल्याशिवाय खातं उघडत नाही.

मोर्शीचा_संत्री | २४ मे, सकाळी ११.०५
उधारी देताच कशाला? फोनपेचा स्पीकर लावा, रोखीनं विका.

जुनं_दुकान | २४ मे, सकाळी ११.३०
संत्र्याच्या पट्ट्यात बसून बोलणं सोपं आहे. कोरडवाहू कास्तकाराकडं जूनमध्ये रोख कुठून येणार? उधारी बंद केली तर तो सावकाराकडं जातो.

मोर्शीचा_संत्री | २४ मे, सकाळी ११.५२
काका, संत्र्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवल्यापासून आमचाही जूनचा खिसा रिकामाच असतो. माझ्याच भावाचं दुकान उधारीत बुडालं, म्हणून बोललो.

दिग्रसकडचा | २४ मे, दुपारी २.२०
उधारी द्यावीच लागेल, माझ्या घरची शेतीही तशीच चालली. मग सहीचं काय करू? सॉफ्टवेअर आणि सही दोन्ही कसं जमवायचं?

नेरची_ताई | २४ मे, दुपारी २.४०
उधारीच्या बिलाच्या दोन प्रती काढा. एक त्याला, एकीवर त्याची सही घेऊन तुमच्या फाइलला, गावाप्रमाणे. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. दिवाळीनंतर खात्याचा उतारा छापून बाकीवर पुन्हा सही. आणि डेटाची प्रत रोज रात्री पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह घरी न्यायचा, दुकानात ठेवायचा नाही.

जुनं_दुकान | २४ मे, दुपारी ३.१५
हे असं असेल तर माझी हरकत नाही. बेटा, औषधाच्या बिलावर ताई म्हणते तसं सगळं लिहीच, पण देताना तोंडानंही सांग. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. कोणतं औषध, किती पाण्यात, कुणाच्या हाती दिलं, हे दुकानदाराला आठवलं पाहिजे.

दिग्रसकडचा | ३१ मे, रात्री ९.००
उशिरा लिहितोय. सीएंना भेटलो. साठ बिलांचं ते बघत आहेत आणि कंपोझिशनमधून बाहेर पडायचं ठरलं, खतामुळंच. ‘व्यापार’ ॲप घेतलं, लॅपटॉपवर. कालपासून बियाण्याच्या ४१० पाकिटांचे लॉट नंबर मी आणि बायको मिळून चढवतोय, ती वाचते, मी टाकतो. दारव्ह्यावरून जुना लेझर आणला. बिलात लॉट नंबर आणि मुदत आपोआप येते, मराठीत नाव नीट येतं. तीन प्रतींची दोन बिलबुकं छापायला टाकली आहेत. गेल्या महिन्यातल्या ज्या गिऱ्हाइकांनी बियाणं नेलं त्यांना निरोप दिला आहे की जुनी चिठ्ठी घेऊन या, लॉट नंबर लिहून सही-शिक्का मारून देतो. अकरा जण येऊन गेले.

एक अडलं आहे: एकाच वाणाचे दोन लॉट असले की बिल करताना ॲप जुना लॉट आधी घेत नाही, मला निवडावा लागतो. गर्दीत चूक होईल.

नेरची_ताई | ३१ मे, रात्री ९.२५
रॅकवरच सोडवा ते. जुना लॉट काउंटरवर, नवीन गोदामात. काउंटरवरचा संपल्याशिवाय दुसरा खोका फोडायचा नाही. आणि पाकीट हातात घेऊन, त्यावरचा नंबर वाचूनच बिल करा.

कपाशीचं_बोंड | ३१ मे, रात्री १०.१०
भाऊ, पीकेव्ही तारा तूर आली का तुमच्याकडं? दोन बॅगा ठेवजा. पानी पडलं का येतो.