मदत हवी आहे: मुंबईहून एका दिवसात समुद्री किल्ले, खासगी गाडी आणि गाईडसह

प्रश्न – खाडीपलीकडे

जानेवारीतल्या एका शनिवारी सहा जणांना न्यायचे आहे. त्यात दोघे सत्तरीपुढचे, गुडघेदुखीवाले, आणि एक आठ वर्षांची मुलगी. निघणार दादरहून. एका टूरवाल्याने एकाच दिवसात कुलाबा (अलिबाग), कोर्लई आणि जंजिरा असा बेत दिला आहे. गाडी, गाईड, जेवण सगळे त्याचेच. कुलाब्याला 'दुपारी एकला ओहोटी आहे, चालत जाऊ' म्हणतो. पंचांगात त्या दिवशी नवमी दिसते.
१. हे तिन्ही एका दिवसात होतील का?
२. गाईड मुंबईचा घ्यावा की तिथला?
३. पैसे ठरवताना काय काय विचारून घ्यायचे?

प्रतिसाद – वल्हवणारा

आधी तिथी, मग गाडी, सगळ्यात शेवटी गाईड. टूरवाले नेमके उलटे करतात.

कोळ्यांचा ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटीचा तळ. नवमीला पावणेसातला भरती, म्हणजे पाऊण-एकला ओहोटी. टूरवाल्याची वेळ बरोबर आहे, पण अर्धीच गोष्ट सांगतोय. अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी चढत फारसे नाही, तसे उतरतही नाही. त्यामुळे ऐन ओहोटीलाही वाटेवर पाणी राहू शकते, खाली शेवाळलेले खडक. गुडघेदुखीवाल्यांना ते नको. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते तेव्हा वाट कोरडी पडते, पण तळ येतो सकाळ-संध्याकाळी सहा-सातला.

मधल्या तिथी कामाच्या. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-दहाला, एकादशी ते त्रयोदशीला दुपारी सव्वादोन ते चारच्या दरम्यान. पक्ष कोणताही चालतो. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याची वेळ धरून जाऊ नका. पक्की वेळ आणि पाण्याची उंची भरतीच्या कोष्टकात बघा. मुंबईचे कोष्टक अलिबागला चालते, फरक थोड्या मिनिटांचा.

तळाच्या दीड-दोन तास आधी निघा, तळानंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. लोक अडकतात ते जाताना नव्हे, किल्ल्यात रेंगाळल्याने. घोडागाडी मिळते, ज्येष्ठांना तीच बरी. भरतीला होड्याही चालतात, पण त्यात चढ-उतार करणे त्यांना जड जाईल.

प्रतिसाद – पिवळी पाटी

जंजिरा काढा. अलिबाग ते मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर, अरुंद वळणांचा रस्ता, एका बाजूला दीड तास सहज. पुढे राजपुरी, मग होडीची रांग. होडी किल्ल्याशी हेलकावत असताना ओल्या पायरीवर पाय टाकायचा असतो. आजी-आजोबांना तिथे कोण उतरवणार? शिवाय होडीवाले वर पाऊण-एक तासच देतात. जंजिऱ्याला मुरूडचा मुक्कामच हवा.

गाडीचे: 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' हे शहरातले पॅकेज इथे चालत नाही. बाहेरगावचा दर असतो, दिवसाला किमान किलोमीटर ठरलेले आणि मोजणी गॅरेज ते गॅरेज. टोल, पार्किंग, ड्रायव्हर-भत्ता, रात्री उशिराचा आकार धरला आहे की वेगळा, हे मेसेजवर लिहून घ्या. पिवळ्या पाटीचीच गाडी. पांढऱ्या पाटीची भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्यात गोची होते.

खरे तर गाडी मुंबईहून नेऊच नका. गेटवेहून लाँचने मांडवा तासाभरात. शनिवारी रस्त्याने गेलात तर वडखळला गाड्यांच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुम्ही अलिबागला चहा पीत असाल. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, तिथली गाडी आधी ठरवून ठेवा. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी बोट) आहे, शनिवार-रविवारी आगाऊ बुकिंग करा. परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारा.

प्रतिसाद – बुरुजबुवा

गाईड अलिबाग-रेवदंड्याकडचाच घ्या. मुंबईचा परवानाधारक चांगला बोलेल, पण आज वाटेवर पाणी किती राहील हे त्याला सांगता येईलच असे नाही. फोनवर दोन प्रश्न विचारून बघा. एक, कुलाब्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय का रचले? उत्तर हवे: लाटेचे पाणी फटींत शिरून जोर मोडावा म्हणून. दुसरा, कुलाब्याला लागून असलेला छोटा सर्जेकोट कशासाठी? बाजूच्या खडकाचा शत्रूला तोफा चढवायला उपयोग होऊ नये म्हणून. जो थेट समुद्राखालच्या भुयारावर येतो त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

कुलाब्यात बघायचे ते असे: १६८०-८१चे बांधकाम, राघोजी आंग्र्यांच्या काळातला सिद्धिविनायक, पुष्करणी, गोड्या पाण्याची विहीर, उत्तरेकडच्या गाड्यांवरच्या तोफा. दीड तास पुरतो. पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

कोर्लईला दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, पण उभ्या. ज्येष्ठांना त्याऐवजी रेवदंडा द्या: सपाट, सावली, पोर्तुगीज तट आणि सातखणी मनोरा. कुंडलिकेच्या मुखाशी दोन्ही किल्ले समोरासमोर आहेत, तेव्हा एक गट वर आणि एक गट खाली राहू शकतो. मात्र गाईड एकच असेल तर तो कोणाबरोबर, हे आधी ठरवा. नाहीतर वर गेलेल्यांना माहिती आणि खालच्यांना नारळपाणी.

खाडीपलीकडे

शनिवारच हवा असेल तर? पुढचे शनिवार पाहिले: प्रतिपदा, मग अष्टमी.

वल्हवणारा

मग त्या महिन्यात शनिवारी कुलाबा नाही. प्रतिपदेला तळ सकाळी सातच्या आसपास, त्यासाठी आदल्या रात्री अलिबागला राहावे लागेल. तुमच्या नवमीनंतरचा मंगळवार बघा, द्वादशी येते. ओहोटी तीनला. सकाळच्या लाँचने मांडवा, थेट रेवदंडा-कोर्लई, साडेबाराला अलिबागमध्ये जेवण, सव्वा-दीडला वाटेवर, साडेतीन-चारला किनाऱ्यावर. लाँच चुकण्याची भीती नाही.

बुरुजबुवा

रजा मिळत नसेल तर शनिवारी वसई करा. भरतीचा प्रश्नच नाही, बहुतेक वाट सपाट. वसई रोड स्टेशनहून रिक्षा. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेला हा किल्ला बघायला तीन तास धरा, सकाळी आठलाच आत शिरा. चर्चच्या भिंती पडक्या आहेत, मुलीला त्यांवर चढू देऊ नका.

खाडीपलीकडे

मंगळवारच. टूरवाल्याने आगाऊ अर्धे पैसे मागितले होते.

पिवळी पाटी

आगाऊ थोडेच द्या, फक्त गाडी-गाईड अडकवण्यापुरते. वारा जोराचा असला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा 'फेरी रद्द झाली तर तारीख बदलून मिळेल' हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. गाईडचे पैसे टूरवाल्याकडे न देता संध्याकाळी त्याच्याच हातात द्या.