सोलापूरच्या उन्हाळ्यात पळताना ठोके बघायचे की अंगाचं ऐकायचं?

पहाटपाच
आमच्या कंबर तलावाच्या गटात हा वाद रोजचा झालाय, म्हणून इथे मांडतो. माझं मत सरळ आहे. सोलापुरात मार्च ते जून पळणाऱ्याने वेग बघणं सोडावं आणि हृदयाचे ठोके बघावेत.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत किलोमीटरला सात मिनिटांनी गप्पा मारत पळणारा माणूस एप्रिलमध्ये तोच वेग धरायला जातो आणि तिसऱ्या किलोमीटरला त्याचं तोंड उघडं पडतं. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी होतं. ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. वेग तोच, पण ठोके १४० वरून हळूहळू १५५ वर. याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. वेगाच्या आकड्यात हे दिसतच नाही.

आणि कुणाला नुसतं 'आज सोपं पळ' म्हणून बघा. विजापूर रोडवर पुढचा दिसला की लागलाच त्याच्या मागे!

कडकभाकरी
मोजा की, कोण नको म्हणतंय. पण मोजता कशाच्या जोरावर? बऱ्याच घड्याळांत वय टाकलं की २२० वजा वय करून ती मोकळी. हे सूत्र १९७० च्या आसपास जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून आलंय. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत दहा-बाराचा फरक सहज निघतो. पंचेचाळिशीच्या माणसाला घड्याळ १७५ सांगणार. त्याची खरी कमाल १८८ असली की सगळे झोन, म्हणजे सोपं-मध्यम-जोरदार पळण्याचे ठोक्यांचे टप्पे, खाली सरकले, मग बसा वर्षभर चालत.

त्यात मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून रक्ताचा अंदाज घेतं. पट्टा जरा सैल असला की ते ठोके सोडून पावलंच मोजायला लागतं. निवांत पळतोय आणि आकडा १७२! पावलंही मिनिटाला तेवढीच पडत असतात.

पळता पळता अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग सोपा. याला चार्जिंग लागत नाही.

शेंगाचटणी
आमच्यातला एक जण घड्याळ चार्ज नव्हतं म्हणून पळायलाच आला नाही. एवढं सांगतो आणि जातो.

पहाटपाच
@कडकभाकरी, सूत्र ढोबळ आहे म्हणून यंत्र टाकून देणार काय? २००१ मध्ये सुधारित सूत्र आलंय, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. साठीला १६० च्या जागी १६६ येतात. तीही सरासरीच, म्हणून आपली कमाल आपण काढावी. डॉक्टरांना विचारून, नीट गरम होऊन, तीन-चार मिनिटांचे जोरदार फेरे मारायचे आणि शेवटच्याला दिसलेला सर्वांत मोठा आकडा धरायचा.

आणि मनगट नको असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विजेचे संकेत टिपतो. फक्त कोरडा बांधू नका. आतली बाजू नळाखाली ओली केली नाही तर घाम येईपर्यंत काहीही दाखवतो. घरी आल्यावर धुवा पण, नाहीतर मिठाचे पांढरे डाग पडून दोन महिन्यांत कडक होतो.

मैदानावरचा
मी पोलीस भरतीच्या पोरांची तयारी घेतो. त्यांना १६०० मीटर पळायचंय. त्यासाठी ४०० चे फेरे मारतो, तिथे ठोके बघण्यात काही अर्थ नाही. हृदय वर यायला वेळ घेतं, आकडा चढेस्तोवर निम्मा फेरा संपलेला असतो. शिट्टी आणि स्टॉपवॉच बास. पोरांकडे बुटाला पैसे नाहीत, पट्टे कुठून आणू? लांब, हळू पळण्याच्या दिवशी उपयोग असेल, नाही म्हणत नाही.

रेल्वेलाइन्स५८
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मी बीपीची बीटा ब्लॉकर गोळी घेतो. ती ठोके दाबूनच ठेवते. जीव खाऊन पळालो तरी घड्याळ म्हणतं, आरामात चाललंय! सूत्र कुठलंही लावा, माझ्या कामाचं नाही. माझ्या वयाच्या लोकांनी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आधी बघावं. डॉक्टरांनी मला 'दम किती लागतो ते बघा' एवढंच सांगितलंय. पट्टा आहे माझ्याकडे, कपाटात.

कडकभाकरी
घ्या! ज्याला जपून पळायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच यंत्र चुकीचं सांगतं. आणि तुम्ही ते नवख्यांना घ्यायला लावताय.

पहाटपाच
काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, त्यांनी पट्टा कपाटातच ठेवावा. पण धडधाकट पस्तिशीच्या माणसाला 'अंगाचं ऐक' म्हणून काय उपयोग? नव्या माणसाला अंग काय म्हणतंय तेच कळत नाही. त्याला दमणं म्हणजेच व्यायाम वाटतो.

असं करू. रविवारी तलावाला या. माझ्या घड्याळावर चिकटपट्टी लावतो, तुम्ही बोलत बोलत सोपा वेग ठरवा, मी पट्टा बांधून सोबत पळतो. तासाभराने आलेख उघडू. ड्रिफ्ट दिसला नाही तर चहा माझा.

कडकभाकरी
साडेपाचला. उशीर करू नका, सातनंतर ऊन दोघांनाही हरवेल.